मिठीला निमित्त लागतं

गेल्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले आणि नागपुरातलं धंतोलीपासून मानेवाड्यापर्यंत सगळं खानदान पेटलं. पोट्टीनं कॉलेजातल्या मित्राला मिठी मारली होती, तीही होणाऱ्या सासऱ्यांसमोर. एका काकांनी लिहिलं, 'हे फॅड तिकडून आलं.' तिकडून म्हणजे माझ्याकडून. मी इंग्लंडात लीड्सला राहतो, तेरा वर्षं झाली, त्यामुळे असल्या प्रत्येक खटल्यात आरोपी मीच.

तर आरोपीचंही ऐका. इथली मिठी तुम्ही समजता तेवढी जिव्हाळ्याची नसतेच. ऑफिसातलं कुणी नोकरी सोडून निघालं की एक खांदा पुढे, कंबर मागे, आणि पाठीवर दोन-तीन थापट्या. पहिल्या ख्रिसमसला मी शेजाऱ्याला दसऱ्याला भेटावं तसं घट्ट आवळलं. तो थापटतच राहिला. मला वाटलं, माणूस गहिवरला. थापटी म्हणजे 'झालं, सोड आता' हे कळायला मला दोन वर्षं लागली.

करोनानंतर १७ मे २०२१ ला इथल्या सरकारनं जवळच्यांना मिठी मारायला पुन्हा मोकळीक दिली. त्या संध्याकाळी समोरच्या घरातल्या आजीबाई फाटकाशी उभ्या होत्या. नातू आला, तिनं आधी त्याची कॉलर सारखी केली, मग धरलं. थापटी एकही पडली नाही.

आणि आपल्यात मिठी नव्हती म्हणता? लेकराला आपण पोटाशी धरतो, वारकरी उराउरी भेटतात, मोमिनपुऱ्यात ईदला गळाभेट होते, मयतीला आलेली आत्या दारातूनच गळ्यात पडते. दगाबाजीची मिठीसुद्धा आपण वेगळी काढून ठेवली आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली ती भेट राजकारण्यांना अजून एकमेकांना हाणायला पुरते. इथं यातल्या बहुतेकांचं काम एका 'हग'वर भागतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तर भारतीय पशु कल्याण मंडळानं १४ तारखेला गायीला मिठी मारायचं आवाहन केलं होतं. चार दिवसांत ते मागेही घेतलं. जन्मभर गाई राखलेल्या माझ्या मामीनं तेव्हा एवढंच विचारलं, 'काहून बाप्पा? लाथ घालन ना ते!'

आपल्याकडे मिठीला निमित्त लागतं, एवढंच आहे. सण, सासरी जाणं, मरण. बिननिमित्ताची दिसली की संस्कृती धोक्यात. मी या भांडणात पुतणीच्या बाजूनं आहे.

पण इथली एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. माझ्या सात वर्षांच्या लेकीला शाळेत शिकवलंय, मिठी नको असेल तर नुसता हात हलव. मागच्या खेपेला नागपूरला घरी आलेल्या पाहुण्यांनी हात पसरले, सगळे म्हणाले, 'जा, जा नं, मिठी मार.' ती म्हणाली, 'नको,' आणि लांबूनच हात हलवला. चेहरे पडले. पोरीला वळण नाही, हेही मला ऐकवून झालं, आणि ऐकवणारे काका तेच, साखरपुड्याच्या फोटोवाले. स्वतःहून मारली तरी बोभाटा, नको म्हटलं तरी बोभाटा!

माझे बाबाही निमित्तवालेच. सोनेगावच्या विमानतळावर निरोप देताना खांद्यावर एक थाप, बस. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, आपट्याची पानं हातावर ठेवली की ते छातीशी धरायचे. गेल्या वर्षी दसऱ्याला मला रजा मिळाली नाही, डिसेंबरात गेलो. चहा झाल्यावर बाबा उठले, देवघरातल्या डब्यातून एक वाळकं पान काढून आणलं. हातात देतानाच त्याचा कोपरा मोडला.

'घे, तुह्यं सोनं राहिलं होतं,' म्हणाले, आणि पुढे सरकले.