ग्रँड पियानो कूलरसमोर ठेवू नका : फिरत असलेल्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. ‘दिवाणखान्यात ग्रँड पियानो कसा मांडावा’ असं वर ठळक लिहिलेलं आणि खाली सहा सूचना. पियानो कोपऱ्यात सरकवा, जागा वाचते. खिडकीशी ठेवा, उजेडात शोभतो. उन्हाळ्यात समोर कूलर लावा, लाकडाला ओलावा मिळतो. झाकण बंद ठेवून त्यावर फोटो आणि फुलदाणी मांडा. सगळे सोफे पियानोकडे तोंड करून ओळीनं लावा. आणि पायांना चाकं असतातच, तेव्हा झाडताना खुशाल सरकवा.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. पण आमच्या भावकीतली एक पोरगी आर्वीकडच्या एका खेड्यात दिली आहे. तिच्या घरी दिवाळीनंतर नागपूरहून मामेसासऱ्यांचा बेबी ग्रँड, म्हणजे लहान आकाराचा ग्रँड पियानो, यायचा आहे. तिनं हाच मेसेज पाठवून विचारलं, “काकू, असंच लावू काय?” आमच्या बैठकीत २०११ पासून तसाच पाच फुटी पियानो आहे. त्याच्या भोवती दिवाण, गाद्या, कपाट हलवण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली. म्हणून तिला फोनवर दोन वाक्यं सांगण्याऐवजी सगळंच लिहून काढते आहे.

सुरुवात कूलरपासून करते, कारण सहापैकी सगळ्यांत घातक सूचना तीच आहे आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे.

पियानोच्या पोटात, तारांच्या खाली, स्प्रूस लाकडाची एक पातळ फळी असते. तिला साउंडबोर्ड म्हणतात. जाडी करंगळीएवढीच, पण तारांचा कंप घेऊन खोलीभर करते ती हीच. हवा दमट झाली की ही फळी फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा सुकली की फळी बसते आणि सूर उतरतो. साधारण २३० तारा आणि त्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात. एवढा भार अंगावर घेऊन लाकूड रोज फुगत-आकसत राहिलं, तर ते किती दिवस तग धरणार? पियानोला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आणि तीही सावकाश बदलणारी लागते.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, तीच श्रावणात ऐंशीच्या वर जाते. म्हणजे उन्हाळ्यात लाकूड वाळतं हे मेसेजवाल्याचं म्हणणं खरं आहे. उपाय मात्र उलटा आहे. कूलरच्या तोंडाशी हवा ओलीगच्च असते. लाइन गेली की कूलर बंद, आणि दोन तासांत खोली पुन्हा भट्टी. लाइन आली की पुन्हा ओल. दिवसातून तीनदा असा हेलकावा बसतो. नुसत्या कोरडेपणापेक्षा हा हेलकावा वाईट.

पहिल्याच उन्हाळ्यात मी पियानोपासून सहा फुटांवर कूलर लावला होता. ताट्या नव्या, हवा गार, मला वाटलं दोघांचीही सोय झाली. जून उजाडेपर्यंत मधल्या सप्तकातल्या पाच पट्ट्या दाबल्या की वरच येईनात, नखानं उचलाव्या लागायच्या. पोलादी तारांवर बोट फिरवलं तर वाळू लागल्यासारखा गंज. खर्जाच्या तारांवर तांब्याचा वेढा असतो, तो हिरवा पडलेला. नागपूरहून सूर लावायला आलेल्या माणसानं किल्ली लावून एक खुंटी फिरवली, सूर जुळला. हात काढला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो सूर उतरला. खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात, ते फुगून-आकसून सैल झालं होतं. त्या आवाजाची मला आजही आठवण येते आणि वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

आता कूलर माजघराच्या खिडकीत आहे. मधलं दार अर्धं उघडं ठेवते आणि बैठकीची समोरची खिडकी चार बोटं. थंडावा येतो, झोत येत नाही. पियानोशेजारच्या देवळीत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा काटा, ठेवला आहे, काही शे रुपयांत मिळतो. त्यावर मे महिन्यातही काटा बहुधा चाळीसच्या आगेमागे राहतो. यात मोठा वाटा आमच्या मातीच्या दीड हात जाड भिंतींचा आहे. माती ओल धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. स्लॅबच्या घरात हे इतकं सोपं जाणार नाही, तिथं तर कूलर आणखी लांब हवा. पावसाळ्यात उलट काळजी : त्या बाजूची खिडकी बंद, पंखा सुरू. पियानोवर प्लास्टिक टाकायचं नाही, आत ओल कोंडते. सूती चादर पुरे.

खिडकीचा मुद्दाही याच धाग्यातला आहे. उन्हानं पॉलिश फाटतं, लाकूड एका अंगानं तापतं, आणि पावसाच्या झडीनं तेच अंग भिजतं. भिंत निवडताना बाहेरची, त्यातही पश्चिमेची, नको. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहा, ठेववत नाही. माजघराकडची आतली भिंत सगळ्यांत चांगली.

कोपऱ्यात सरकवण्याबद्दल : ग्रँडला एक लांब सरळ बाजू असते, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि उजवीकडची बाजू वळणदार. झाकणाच्या बिजागऱ्या डावीकडे, त्यामुळे ते उजवीकडे उघडतं आणि आवाज तिकडेच फेकला जातो. म्हणून सरळ बाजू भिंतीकडे, वळणदार बाजू खोलीकडे. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कोपऱ्यात कोंबला तर दोन भिंती खर्जाचे सूर फुगवतात, सगळं घुमायला लागतं, आणि झाकण उघडलं तर समोर भिंत. जागा वाचते हेही खरं नाही. पाच फूट लांब, पाच फूट रुंद, वर बसणाऱ्याच्या स्टुलाला तीन फूट, एवढी जमीन तो कुठंही ठेवला तरी घेणारच. मी पोरीला सांगितलं आहे की पियानो यायच्या आधी जमिनीवर रांगोळीनं त्याचा आकार काढ आणि आठ दिवस त्याला वळसा घालून वावर. कुठं पाय अडखळतो ते आपोआप कळतं. आम्ही तसं केलं तेव्हा पहिल्याच दिवशी लक्षात आलं की स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्याची वाट नेमकी त्या रेषेवरून जाते.

आता सोफे ओळीनं लावायचं. मला ही सूचना मनापासून आवडत नाही. आपल्या बैठकीत माणसं कापसाच्या भावाचं बोलायला येतात, सोयरीक जमवायला येतात, दुपारी नुसती टेकायला येतात. रोज त्यांना सभागृहासारखं पियानोकडे तोंड करून बसवायचं का? आणि ऐकायलाही ते बरं नाही. पियानो आडवा ठेवून वाजवणाऱ्याची उजवी बाजू श्रोत्यांकडे करण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली असं मानतात. त्याचं श्रेय डुसेक या बोहेमियन वादकाला देतात. घरात त्यातलं घ्यायचं ते एवढंच : बसायची मुख्य जागा पियानोच्या उजव्या अंगाला, त्याच्या वळणदार बाजूसमोर असावी. आमचा दिवाण तिथं आहे, सहा फुटांवर, थोडा तिरपा. वाजवणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि दिवाणावर बसलेली दोघं एकमेकांशीही बोलू शकतात. बाकीच्यांना सतरंजी आणि लोड. हे लोड, गाद्या, जाड पडदे आवाजाचा टणत्कार शोषून घेतात. फरशी आणि प्लॅस्टरच्या उघड्या खोलीत पियानो अंगावर येतो. मात्र खुद्द पियानोखाली जाड गालिचा घालू नका, कारण आवाज खालूनही निघतो. खोली फार गाजत असेल तरच तिथं सतरंजी अंथरून पाहा.

बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा, मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि आपल्याकडे तर बैठकीत बंगई असतेच. पोरीची बंगई सासूबाईंची आहे, काढायचा प्रश्न येत नाही. तिला झोका पूर्ण देऊन बघायचा, जिथवर फळी जाते तिथं खूण करायची आणि पियानो त्याच्या हातभर पलीकडे. कड्यांना तेल.

झाकणावर फोटो ठेवू नका. एखादाच सूर वाजला की फ्रेमची काच किरकिर करते, आणि महिनाभर आपण दोष पियानोत शोधत राहतो. फुलदाणीतलं पाणी सांडलं तर ते कुठं जातं हे सांगायला नको. रात्री झाकण बंद ठेवायचं, हे बरोबर आहे. धूळ, पाली आणि उंदीर. उंदरांना आतला फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, फार आवडतो.

चाकांबद्दल. बेबी ग्रँडचं वजन अडीचशे किलोच्या आसपास, आणि ते फक्त तीन पायांवर. घरगुती पियानोची चाकं रोज फिरवायला केलेली नसतात. शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडकलं आणि वरून रेटा दिला, तर पाय निखळतो. सुताराकडून सागवानाच्या तीन जाड वाट्या करून घ्या, त्यात चाकं बसवा आणि विसरून जा. जमीन शेणामातीची असेल तर वाट्यांखाली दगडी फरशी हवीच, माडीवर चढवायचा असेल तर आधी तुळयांना उदई (वाळवी) लागलेली नाही ना हे बघून घ्या. आल्यावर तीन-चार आठवडे त्याला खोलीची सवय होऊ द्या, मग सूर लावणाऱ्याला बोलवा. पुढं वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी.

काल पोरीनं दाराची मापं पाठवली. चौकट साडेपाच फूट उंच, अडीच फूट रुंद. पाय काढून पियानो सरळ बाजूवर उभा करतात, तेव्हा पट्ट्यांची पाच फुटी रुंदी उंचीत येते आणि खाली फळी, गाद्या वेगळ्याच. रुंदीला अडचण नाही, उंचीला चार बोटं उरतील. उंबरठा मात्र सहा इंच उंच आहे, तिथं वर उचलताना माथा चौकटीला घासेल. त्यापेक्षा आतल्या अंगणाचं बैलगाडीचं मोठं दार उघडायचं ठरलं आहे. त्या दाराला दोन वर्षांपासून कुलूप आहे. किल्ली सापडली की कळवते म्हणाली.