९०० ग्रॅमचा पुरुषार्थ

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी खरं तर सुक्या मिरच्या आणायला गेलो होतो. मे महिना, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस. आईची यादी खिशात होती. घरी परतलो तो कोयता घेऊन.

चूक लोहाराची. त्याने तो माझ्या हातात दिला. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवून ठोकलेला, हातभर लांब, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा वळलेला, पात्यावर हातोड्याचे चट्टे तसेच. (घरी काट्यावर ठेवला, ९०० ग्रॅम भरला.) "पाणी बरोबर दिलंय ना?" मी जाणत्या आवाजात विचारलं. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात; ते पाणी जास्त झालं तर धार तुटते, कमी झालं तर वाकते, एवढं मला ठाऊक होतं. ते नुसतं बघून कसं ओळखायचं, हे ठाऊक नव्हतं. लोहाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "पात्रांव, चार दिसांनी मूठ दाखोवंक हाडात," (मालक, चार दिवसांनी मूठ दाखवायला आणा) एवढंच म्हणाला.

दाखवायला कोण जातो!

आधी धारेची परीक्षा. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापला, सर्रकन गेला. मग कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं तसं डाव्या हातावरचे केस पात्याने काढून पाहिले. निघाले. मनगटाच्या वर चार बोटं रुंद असा गुळगुळीत चौकोन तयार झाला. पुढे दोन लग्नांत मला "भाजलं का रे?" असं विचारण्यात आलं, तो भाग वेगळा.

मग लाकूड. काजूची ओली फांदी दोन घावांत खाली. माझी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीने मी दोन पावसाळे वाळलेल्या फणसाच्या ओंडक्याकडे वळलो आणि सरळ, आडवा, मनापासून घाव घातला. कोयता टणकन उडाला. ओंडक्यावर नखाएवढी खूण, आणि झिणझिण्या मात्र थेट अक्कलदाढेपर्यंत.

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकांचं डोकं वर आलं. आमच्या वाड्यात कुणी काम करू लागला की गडग्यावर डोकी उगवतात. "अरे, तिरका मार! सरळ मारून काय घंटा वाजवतोयस?"

तिरका मारला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. आणि खरंच, हळदीसारखी पिवळी ढलपी उडाली. मग दुसरी. मी लयीत आलो, आणि मध्ये गाठ लागली. कोयता गाठीत असा रुतला की ओढला तर ओंडकाही सोबत येई. पाय देऊन उपटेपर्यंत गडग्यावर डोकी तीन झाली होती.

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. अंगणात बसायला टाकलेला माडाचा जुना तुकडा होता. माड हा प्रकारच न्यारा. २०१६ साली इथल्या सरकारने कायद्यातून त्याचं झाडपण काढून घेतलं होतं, ओरड झाल्यावर परत दिलं. पण कोयत्याच्या दृष्टीने सरकार अगदीच चुकलं नव्हतं. बाकी झाडांचा गाभा कठीण, याची सालीलगतची बाजू लोखंड आणि आत नुसता भुसा. पहिले दहा घाव त्या लोखंडावर पडले. मूठ हातात किंचित फिरल्यासारखी वाटली. मला वाटलं, घाम.

"मूठ बघ रे," काका म्हणाले.

"मिरच्या कुठे ठेवल्यास?" आतून आईने विचारलं.

दोघांनाही एकदम उत्तर द्यायला मी वळलो, आणि वळतानाच अकरावा घाव उचलला. तो पडलाच नाही. माझ्या हातात शेंबीसकट (मुठीच्या तोंडावरच्या कड्यासकट) मूठ राहिली. पातं गरगरत अंगण ओलांडून गेलं. गडग्यावरची तिन्ही डोकी एकाच क्षणी मावळली. तिकडे केळीच्या बागेत खच्च असा आवाज झाला. दिवसभरातला तेवढाच एक स्वच्छ घाव. जाऊन पाहिलं तर घडाचा दांडा अर्ध्यातून साफ तुटलेला, आणि केळफूल खाली मातीत.

आई बाहेर आली. तिने पात्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मुठीकडे पाहिलं, केळफूल उचलून झटकलं.

"याची भाजी झाली असती," ती म्हणाली. "पण फोडणीला मिरची नाही."