अटलांटिसची घागर कुठं आहे?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आठवडाभरात मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या निवृत्त गुरुजींनी पाठवलेला, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मेसेजचं सार असं: अटलांटिस नावाचं प्रगत राज्य खरोखर होतं आणि ११,६०० वर्षांपूर्वी ते एका दिवसात समुद्रात बुडालं. ही गोष्ट लिहिणारा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, त्याच्यासारखा माणूस खोटं कशाला लिहील? तारीख हिमयुगाच्या शेवटाशी तंतोतंत जुळते. आफ्रिकेच्या वाळवंटात त्याची गोल तटबंदी उपग्रहातून दिसते. पुरावा मागाल तर तो पाण्याखाली आहे. आणि जाता जाता, खंबातच्या आखातात ९,५०० वर्षांपूर्वीचं शहर सापडलंच ना?

गुरुजी, रागावू नका. पाण्याखालच्या पुराव्यापासूनच सुरू करतो, कारण त्यातलं आपल्याला जरा जास्त कळतं.

आपण धरणग्रस्त माणसं. जायकवाडीचा पाया १९६५ साली घातला, १९७६ला धरण झालं आणि आपलं गाव नाथसागरात गेलं. एका उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर आलं तेव्हा वडील मला तिथं घेऊन गेले होते. गाळ तडकून फरश्यांसारखा झालेला. काठाकाठानं लोकांनी गाळपेर केलेली. बरंच आत चालत गेल्यावर पायाखालची माती बदलली; काळी संपली आणि पांढर लागली. वडिलांनी चपला काढून हातात घेतल्या, म्हणाले, "लागलं गाव." मग एकेक दिसायला लागलं: घरांचे चौथरे, आडाचं गोल तोंड, जात्याची अर्धी तळी, रांजणाची खापरं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहतात तिथं राख, शेण, हाडं आणि भिंतींची माती मुरून जमिनीचा रंगच पालटतो. पाण्यानं तो जात नाही.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या बाहेर आहे. माझ्या आत्याच्या सासरी एक पितळी घागर आहे. लग्नात दिलेली. तिच्यावर आजोबांचं नाव आणि खाली आपल्या बुडालेल्या गावाचं नाव कोरलेलं. गाव बुडालं, पण गावच्या लेकी जिथं जिथं दिल्या तिथं गावाची भांडी गेली, ती थोडीच बुडाली?

आता प्लेटो काय लिहितो बघा. अटलांटिसची सत्ता आफ्रिकेत इजिप्तच्या हद्दीपर्यंत आणि युरोपात इटलीच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत होती. एवढं मोठं राज्य! बेट बुडालं असेल, पण इजिप्त बुडाला नाही, इटली बुडाली नाही. दीडशे-दोनशे वर्षं दोन्हीकडं खणणं चालू आहे. मग अटलांटिसची एक घागर, एक नाणं, एक खापर तरी कुठं आहे?

लांबचा व्यापार खुणा कशा ठेवतो ते बघायला आपल्याच भागात चला. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती बाई सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती निघाल्या कुठं, तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेरची मूर्ती लामतुरे संग्रहालयात आहे. पैठणला राजधानी असलेल्या सातवाहनांनी रोमवर कधी राज्य केलं नाही, नुसता माल पाठवला. तरी दोन हजार वर्षांनी दोन्ही टोकांना तो माल सापडतो.

ग्रीक लोकांचं सगळंच थापाडं, असंही माझं म्हणणं नाही. पेरिप्लस नावाचं एका निनावी व्यापाऱ्याचं ग्रीक टिपण आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. तो लिहितो, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून गाड्या भरभरून कापड येतं. दिशा थोडी चुकलीय, तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण जा आणि बघा, दोन्ही गावं जागेवर आहेत आणि जमीन त्या टिपणाला साक्ष देते. ग्रीक माणसाचं लिखाण असं तपासता येतं.

म्हणून प्लेटोचंही तसंच तपासू. समुद्र नको, जमिनीवरचं घेऊ. फिरणाऱ्या मेसेजात एक गोष्ट कायम गाळलेली असते: त्या कथेत अटलांटिसला हरवणारं शहर अथेन्स आहे! सोलोन या अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्याच्या ९,००० वर्षं आधीचं अथेन्स, ज्याच्याकडं लढणारी वीसेक हजार माणसं होती. अथेन्स आज कोरड्या जमिनीवर आहे आणि पुरातत्त्ववाल्यांनी जगात सगळ्यात जास्त उकरलेल्या शहरांपैकी एक आहे. तिथं त्या काळातलं शहर नाही, गावही नाही. ही हकीकत सोलोनला सांगितली म्हणे इजिप्तच्या पुजाऱ्यांनी, त्यांच्याकडच्या ८,००० वर्षांच्या नोंदींवरून. इजिप्तची लिपीच आजपासून सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची. कथेतला जो भाग बुडालेला नाही तो दोन्ही ठिकाणी खोटा निघतो, तर बुडालेल्या भागावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मग प्लेटो खोटारडा का? गुरुजी, तुम्ही आयुष्यभर नाथषष्ठीला कीर्तनं ऐकली. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात निरूपण करतात आणि उत्तररंगात ते पटवायला आख्यान लावतात. त्या आख्यानातल्या राजाचा सातबारा कुणी मागतं का? प्लेटोचंही तेच आहे. त्यानं ही गोष्ट माणसांच्या संवादात घातलीय, आणि संवादाच्या सुरुवातीला आदर्श नगर कसं असावं याची उजळणी होते. सॉक्रेटिस म्हणतो, असं नगर लढताना कसं दिसेल ते ऐकायचंय. लगेच त्याच संवादातल्या क्रिटियासला लहानपणी ऐकलेली नेमकी तशीच गोष्ट आठवते. साधं, शिस्तीचं अथेन्स जिंकतं, श्रीमंतीनं माजलेलं अटलांटिस हरतं. गोष्ट अगदी खरी आहे, असं क्रिटियास बजावून सांगतो. आख्यान लावणारा प्रत्येक जण सांगतो. प्लेटोच्या आधी ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्त फिरून आला, तिथल्या पुजाऱ्यांशी बोलला, सोलोनच्या इजिप्तवारीचाही त्यानं उल्लेख केला. अटलांटिसचा एक शब्द नाही.

रंग भरायला सामग्री मात्र हाताशी होती. इसवी सनपूर्व ३७३ मध्ये ग्रीसमधलंच हेलिके शहर भूकंप आणि लाटेनं एका रात्रीत गेलं. तेव्हा प्लेटो पन्नाशी ओलांडलेला होता, अटलांटिस त्यानं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लिहिलं. हेलिके २००१ साली सापडलं, गाळाखाली, भिंती आणि भांड्यांसकट. ज्याला पांढर होती ते सापडलं.

अटलांटिस म्हणजे क्रीट किंवा थेरा ही ग्रीक बेटं, असं म्हणणारेही बरेच. थेराचा ज्वालामुखी इसवी सनपूर्व १६००च्या आसपास फुटला, हे खरं. पण तो अटलांटिस ठरवायचा तर जागा, काळ आणि आकार, तिन्ही बदलावं लागतं. मुलाचं गाव, वय आणि उंची बदलून पत्रिका जुळवण्यातली गत.

हिमयुगाची तारीख जुळते, मान्य. समुद्र वीसेक हजार वर्षांत सुमारे १२० मीटर चढला, हेही मान्य. त्यात किनाऱ्यावरच्या वस्त्या गेल्याच असतील. पण सगळ्यात वेगानं चढला तेव्हाही वर्षाला चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे वीतभर चढायला चार-पाच वर्षं. तो वेगाचा काळही साधारण १४,६०० वर्षांपूर्वीचा, या तारखेच्या ३,००० वर्षं आधीचा. नाशिक-नगरकडून पाणी सुटलं की आपला नाथसागर यापेक्षा कितीतरी जोरात चढतो. प्लेटो एक दिवस आणि एक रात्र म्हणतो.

वाळवंटातलं वर्तुळ मॉरिटानियातलं. खडकाचा फुगवटा झिजून त्याचे थर उघडे पडलेत, रुंदी ४० किलोमीटर, आणि जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच. बुडालेलं शहर डोंगरावर कसं चढलं, ते मेसेजवाल्यालाच विचारा.

राहिलं खंबात. २००२च्या जानेवारीत मोठी घोषणा झाली होती. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी समुद्राचा तळ टिपणाऱ्या यंत्राच्या, चित्रांत चौकोनी आकार दिसले आणि तळ खरवडून काढलेल्या वस्तूंत एक लाकडाचा तुकडा होता. ९,५०० वर्षं हे वय त्या लाकडाचं. आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात जोरदार भरत्यांपैकी, गाळ कुठून कुठं जातो त्याचा नेम नाही. आपल्या जुन्या गावाजवळून वडिलांनी त्या दिवशी बाभळीचं एक खोड ओढत आणलं होतं. वरून नदीतून वाहत आलं की बांधावरचं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. गोठ्यामागं पडलंय अजून, गुरुजी, येऊन बघा.