जर्मनचं पातेलं आणि विमानाचा पत्रा

आमच्या आयटीआयच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय. 'विमान म्हणजे उडतं जर्मनचं पातेलं. तोच अॅल्युमिनियम, फक्त नाव मोठं. वेल्डिंगच्या जमान्यात अजून रिव्हेट (पत्रे जोडायला ठोकून बसवायचे खिळे) मारत बसलेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली कुठलीही फाउंड्री भंगार वितळवून हा माल निम्म्या पैशात देईल. आणि आता विमानं कार्बनची झाली, अॅल्युमिनियम संपलं.' खाली अंगठ्यांची रांग. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळं गप्प बसवेना.

'तोच अॅल्युमिनियम' हे शंभरात नव्वद खरं. घोळ उरलेल्या दहात आहे. विमानात वापरतात त्या ७०७५ नंबरच्या मिश्रधातूत साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त, अडीच टक्के मॅग्नेशियम आणि दीड टक्का तांबं असतं. शुद्ध चांदी मऊ पडते म्हणून त्यात तांबं घालणाऱ्या हुपरीच्या कारागिराला हे शिकवावं लागणार नाही. पण नुसतं मिसळून भागत नाही. माल ४८० अंशांच्या आसपास तापवला की हे धातू चहातल्या साखरेसारखे अॅल्युमिनियममध्ये विरघळतात. लगेच पाण्यात विझवायचा, म्हणजे त्यांना बाहेर पडायला सवडच मिळत नाही. मग १२० अंशांवर चोवीस तास ठेवायचा, हीच हीट ट्रीटमेंट. तेवढ्यात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत साकळतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. मऊ शुद्ध अॅल्युमिनियम चौरस मिलिमीटरला ९ किलोच्या आसपास तुटतं, हा माल ५५ च्या पुढं जातो. माइल्ड स्टील चाळीस-पंचेचाळीसला तुटतं आणि वजनाला जवळजवळ तिप्पट.

विझवलेला तुकडा नुसता पडून राहिला तरी कडक होतो, हे १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या माणसाला सापडलं. तो जर्मनीचा. म्हणजे 'जर्मन' हे नाव पातेल्यापेक्षा विमानालाच जास्त शोभतं!

रिव्हेटचं कारणही यातच आहे. ७०७५ किंवा २०२४ (हाही विमानाच्या मिश्रधातूचाच नंबर) ला नेहमीचं वेल्डिंग केलं की सांध्याला चिरा जातात आणि आजूबाजूची सगळी हीट ट्रीटमेंट पुसली जाते. त्यातून २०२४ चे रिव्हेट विझवल्यावर चक्क फ्रीजरमध्ये ठेवतात, नाहीतर ठोकायच्या आधीच कडक व्हायचे. बाहेर काढले की थोड्या मिनिटांत ठोकायचे. पुढं विल्मच्या तुकड्यासारखे ते जागच्या जागीच कडक होतात.

राहिली आपली शिरोली. इथल्या ओतकामाला मी नावं ठेवणार नाही, पण ते मुख्यतः बिडाचं. ७०७५ साच्यात ओतलं तर गार होतानाच तडकायला बघतं. विमानाचा पत्रा ओतत नाहीत, मोठी लादी लाटून काढतात. आणि भंगारातून लोखंड, सिलिकॉन आत शिरलं की सहज निघत नाही. त्याचे ठिसूळ कण होतात, चीर तिथून पळते. पातेल्याला चालतं. पंखाला नाही.

कार्बनचं अर्धं खरं. बोइंग ७८७ मध्ये वजनानं निम्मे कॉम्पोझिट (मुख्यतः रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे धागे) आहेत, तरी २० टक्के अॅल्युमिनियम आहेच. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, एटीआर ७२ या पंख्याच्या विमानात चढताना दाराशेजारच्या पत्र्याकडं बघा. पंखांचा बाहेरचा भाग कार्बनचा, पण तुम्ही बसता ते धड अॅल्युमिनियमचं, रिव्हेटच्या ओळींसकट.