रॉकेट की ट्यूब, पुणेकराच्या नजरेतून
लांबच्या प्रवासाला हायपरलूपपेक्षा (म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतून, ट्यूबमधून, प्रचंड वेगाने धावणाऱ्या गाडीपेक्षा) रॉकेट सोपं पडेल हे मला नाही पटलं. अहो न्यूयॉर्क-शांघाय जायचं तर रॉकेटला सेकंदाला 7 किमीच्या वर स्पीड लागतो, म्हणजे जवळजवळ ऑर्बिटला, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत, जाण्याइतका, आणि इंधन, ऑक्सिजन सगळं सोबत वाहायचं. ट्यूबला वीज बाहेरून मिळते. पण तिथेही सोपं नाहीये, 100 किमी स्टीलची नळी तापमानातल्या 30 डिग्रीच्या फरकाने 36 मीटर वाढते, ती वाढ आतला व्हॅक्यूम न जाऊ देता सामावायची कशी, आणि ताशी 1000 किमीला वळणाची त्रिज्या 15-20 किमी तरी हवीच, मग खंडाळ्याच्या घाटात बोगदेच खोदावे लागणार. 2018 ला पुणे-मुंबई हायपरलूपची घोषणा झाली तेव्हा मी खरंच खूश झालेलो. पण 2020 ला नेवाडात माणसं बसवून टेस्ट झाली ती 500 मीटरच्या ट्रॅकवर, ताशी 172 किमीने. आधी निदान 10 किमी बांधून चालवून दाखवा ना.