‘रॉमध्ये काढा, रंगाचं नंतर बघू’ : एका फॉरवर्डला उत्तर

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सांगणं थोडक्यात असं: दुपारच्या उन्हात चेहरे काढूच नका, झाडाखाली न्या; व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणारी सोय) ऑटोवर ठेवा; रॉमध्ये (सेन्सरवरची कच्ची फाइल) काढलं की रंगाची कुठलीही चूक नंतर निघते; आणि चेहरा सावळा आलाच तर नारंगीची ल्युमिनन्स (एडिटिंगच्या स्लायडरवर त्या रंगाचा उजळपणा) वाढवा, पार्टी खूश. नवी पोरं हे पाठ करून कामाला लागतात, म्हणून हे उत्तर.

‘दुपारी नकोच.’ जूनपुरतं मान्य. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली, २२.७ अंशांवर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट टाळूवर असतो. डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि नाकाखाली सावलीची मिशी. पण २१ डिसेंबरला तोच सूर्य भर माध्यान्हीही क्षितिजापासून ४४ अंशांपर्यंतच चढतो. तेव्हा चेहरा थोडा वळवला आणि छातीच्या उंचीवर पांढरं थर्माकोल धरलं की काम होतं. घड्याळ कशाला बघायचं? नाकाची सावली बघा. ती ओठांवर उतरली की जागा बदला.

‘झाडाखाली न्या.’ इथेच निम्मे फोटो बिघडतात. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा, खालच्या हिरवळीवरून उसळलेला त्याहून हिरवा, आणि वर गालावर उन्हाचे कवडसे. लालबागेच्या हिरवळीवर उभ्या केलेल्या जोडप्याची हनुवटी आणि गळ्याखालचा भाग मोठा करून बघा, शेवाळ धरल्यासारखा दिसतो. एडिटिंगमध्ये टिंट (हिरवा ते मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, हा तोल) मॅजेंटाकडे ढकललं की हनुवटी सुधारते आणि कपाळ गुलाबी होतं, कारण कपाळावर तेवढा हिरवा उजेड नव्हताच. मग मास्क लावा, म्हणजे तेवढाच भाग निवडून सुधारा, प्रत्येक फोटोला वेगळा. त्यापेक्षा सावलीच्या कडेला या, तोंड मोकळ्या आकाशाकडे करा, पायाखाली गवताऐवजी फरशी किंवा मुरूम असू द्या. कृष्णपुरा छत्र्यांच्या खांबांआड, छताच्या कडेपासून हातभर आत उभं केलं तर वरचा उजेड आपोआप अडतो आणि समोरचा तेवढा चेहऱ्यावर येतो. एक पथ्य मात्र पाळा. आकाशाचा उजेड निळसर असतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळा. ऊन साधारण ५५०० केल्विन धरलं तर सावली सात-आठ हजारांवर जाते, आणि गव्हाळ त्वचा राखेसारखी दिसायला लागते. कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्समध्ये ‘शेड’ची सोय त्यासाठीच दिलेली आहे.

‘ऑटोवर ठेवा.’ लाल शालू फ्रेमभर आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लालसर आहे, आणि तो सगळं थंड करून टाकतो. पुढच्या फोटोत मागची पांढरी भिंत आली की परत गरम. एकच नवरी, एकाच जागी, दोन वर्णांची! ग्रे कार्डाचा (रंग मोजायच्या करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो घ्या, केल्विन ठरवून ठेवा. जागा बदलली की पुन्हा एक.

आता मेसेजचा कणा: ‘रॉमध्ये सगळं निघतं.’ व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, सावलीतले तपशील बरेच उचलता येतात, इथवर खरं. पण कपाळावरची चमक पांढरी फट्ट जळाली असेल तर तिथे ओढून आणायला काही उरलेलंच नसतं. आणि मांडवाचं काय? हळदीला अंगणात पिवळं कापड ताणलेलं असतं, वर कडक ऊन. त्या कापडातून निळा उजेड जवळजवळ येतच नाही. फाइलमधला निळा चॅनेल (लाल, हिरवा, निळा यांतला फक्त निळ्याचा थर) बघा, नुसता करडा चिखल. पिवळेपणा काढायला निळा वाढवला की त्याच्याबरोबर सगळा नॉइज (दाणेदारपणा) वर येतो आणि गाल ठिपक्याठिपक्यांचे होतात. उजेडात जो रंग आलाच नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? नवरीचा पाट मांडवाच्या कडेला सरकवायला सांगा, किंवा जवळून फ्लॅश मारा. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उन्हासारखाच असतो आणि त्यात निळा भरपूर असतो. काकू-मावश्या कुरकुरतील, पण पाट सरकतो. बाकी गालावरची हळद पिवळीच राहू द्या. ती ‘दुरुस्त’ करणारे महाभागही आहेत.

राहिली नारंगी. या स्लायडरने उजेड सुधारत नाही, माणूस फिका होतो. आपल्याकडे सगळ्या छटांच्या त्वचेचा मूळ रंग नारंगीच्या आसपास एकाच पट्ट्यात बसतो, फरक असतो तो मुख्यतः उजळ-गडद असण्यात आणि रंगाच्या दाटपणात. म्हणून पट्ट्याबाहेर गेलेला रंग, म्हणजे हिरवट, निळसर, जांभळट, जागेवर आणणं ही दुरुस्ती. गडदपणा पुसणं हे वेगळंच काम, आणि ते कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय त्याच स्लायडरने सोन्याचे दागिने आणि मेंदीही फिकी पडते. जुने नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात इंदूरला असताना कॅमेरा हाती घेतला, तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे त्वचा होती त्याहून काळी उमटायची. त्यांची अडचण रसायनाची होती, आपली तशी नाही.

‘जरा उजळ करा’ असं घरची मंडळी म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा चेहऱ्यावर उजेड कमी पडलेला असतो. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) अर्धा स्टॉप वाढवून दाखवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), डोळ्यांखालची सावली थोडी उचला. मग चेहऱ्याशेजारी हात असलेला फोटो उघडा आणि दोन्हींचा रंग जुळतोय का तेवढं बघा.