फोन तपासण्याआधी

एका लेखात बायकांना सल्ला दिलाय, नवऱ्याचं बाहेर प्रेमप्रकरण असल्याचा संशय आला की आधी त्याचा फोन गुपचूप तपासा आणि मग पोलिसांत जा. यातलं पहिलं मी केलं होतं, म्हणून लिहितेय.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवायला लागले. पूर्वी वाजला की "बघ गं, कोणाचा आहे" म्हणायचे. तेवढ्यावरून माझी झोप उडाली. तीन महिने पहाटे उठून बाथरूममध्ये त्यांचे मेसेज वाचायचे, आणि सकाळी डबा भरताना तोंडातून शब्द फुटायचा नाही. हाती लागलं तेही अर्धवट. शेवटी एका रविवारी मुलीला आईकडे सोडलं आणि समोर बसून सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होते, मग "हो" म्हणाले.

पोलिसांचं म्हणाल तर व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच रद्द केलं. व्यभिचार आता गुन्हा नाही. (होता तेव्हाही बायकोला नवऱ्याविरुद्ध त्याखाली तक्रार करता येत नव्हती!) हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली ते घटस्फोटाचं कारण मात्र आहे. मारहाण किंवा पैशांची अडवणूक होत असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

मी आधी वकीलबाईंना भेटले, स्वतःच्या नावावर खातं उघडलं, मगच पुढचं ठरवलं. सध्या आम्ही एकत्र आहोत, दर शनिवारी दोघं समुपदेशकाकडे जातो. पुढचं अजून ठरलेलं नाही.